मदेइराच्या फ्रेइरा

अटलांटिक महासागरात, लिस्बनच्या नैर्ऋत्येस सुमारे हजार किलोमीटर अंतरावर मदेइरा नावाचे एक डोंगराळ बेट आहे. पोर्तुगीज भाषेत या शब्दाचा अर्थ लाकूड. पोर्तुगीज खलाशी १४१९ साली तेथे पोहोचले तेव्हा बेट माणसाविना होते आणि समुद्रकाठापासून शिखरांपर्यंत दाट अरण्याने झाकलेले होते, म्हणून हे नाव पडले. आपल्याकडे हे नाव ऐकताच 'मदिरा' शब्द ओठांवर येतो. बेटाची द्राक्षासवासाठी ख्याती असल्याने तो विनोद अगदीच अस्थानी नाही. परंतु दोन्ही शब्दांचा परस्परांशी काही संबंध नाही.

आम्ही या बेटाकडे वळण्याचे कारण वेगळे आहे. १५१४ साली परमगुरुस्वामी दहावे लिओ यांनी या बेटावरील फुंशाल नगरात धर्मप्रांत स्थापन केला आणि पोर्तुगालच्या सत्तेखालील साऱ्या सागरपार प्रदेशांची ख्रिस्तसभा त्याच्या अधिकारात दिली. चार वर्षांपूर्वी आफोन्सो द आल्बुकर्क याने जिंकलेले गोवेही त्यात आले. १५३४ साली गोव्याचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला आणि त्याच वर्षी सुलतान बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांस दिली. परंतु तोवर फुंशाल हा महाधर्मप्रांत झाला होता आणि गोव्याचा नवा धर्मप्रांत त्याच्याच अधीन होता. ही व्यवस्था १५५१ पर्यंत टिकली. म्हणजे संत फ्रान्सिस झेवियर १५४२ साली गोव्यास उतरले तेव्हा, आणि पुढे वसईस येऊन गेले तेव्हाही, येथील ख्रिस्तसभेचे वरिष्ठ पीठ कागदोपत्री अटलांटिकमधील त्या लहानशा बेटावर होते. आपल्या धर्मप्रांताची वंशावळ मांडू लागलो तर गोव्याच्या मागे फुंशालचे नाव लिहावे लागते.

त्या जुन्या माउलीच्या बेटाभोवती आज लोक एका वेगळ्याच हेतूने समुद्रात जातात. ते जाळी टाकत नाहीत, माल नेत नाहीत, कुठल्या बंदरासही लागत नाहीत. किनाऱ्यापासून काही मैल दूर जाऊन ते समुद्रपक्षी पाहतात आणि अंधार पडता पडता परततात. या निरुपद्रवी छंदामागे पाच शतकांचा इतिहास आहे. त्यात धर्मगुरू आहेत, धर्मभगिनी आहेत, एक व्यापारी आहे, आणि ज्याचे नाव सहसा सांगितले जात नाही असा एक मेंढपाळही आहे. तो इतिहास वाचकांपुढे ठेवावा असे आम्हांस वाटले.

प्रथम त्या समुद्राविषयी. मदेइरा हे ज्वालामुखीतून वर आलेले बेट आहे. आपल्या कोकणकिनाऱ्यापुढे उथळ समुद्र दूरवर पसरलेला असतो, तसा तेथे नाही. किनारा सोडला की थोड्याच अंतरावर पाण्याची खोली हजारो फूट होते. त्यामुळे एरवी जमिनीच्या जवळपास न फिरकणारे महासागरी पक्षी तेथे बेटाच्या अंगणात भेटतात. मदेइरा, तिच्या आग्नेयेस असलेली देझेर्तास ही तीन ओसाड बेटे, आणि दक्षिणेस सुमारे २८० किलोमीटरवरील सेल्व्हाजेन्स ही चिमुकली बेटे मिळून या पक्ष्यांचे एक मोठे प्रसूतिगृहच आहे.

हे पक्षी आपल्या कावळ्या-बगळ्यांसारखे नव्हेत. त्यांच्या चोचीवर नळीसारख्या नाकपुड्या असतात. ते समुद्राचे खारे पाणी पितात आणि अंगातील जादा मीठ डोक्यातील एका ग्रंथीवाटे नाकातून बाहेर टाकतात. अन्नाचा वास त्यांना दूरवरून येतो. वर्षातील बहुतेक काळ ते पाण्यावरच काढतात; जमिनीवर येतात ते केवळ वीण करण्यासाठी, आणि त्यांतील बहुतेक जाती काळोख पडल्यावरच. बिळात किंवा कपारीत मादी वर्षातून एकच अंडे घालते. ते गेले तर त्या वर्षी दुसरे नाही.

त्यांची नावे पाहिली की आपणा ख्रिस्ती वाचकांस नवल वाटेल. यांतील अनेकांना युरोपात 'पेट्रेल' म्हणतात. हे नाव संत पेत्रावरून आले असे परंपरेने सांगतात, कारण यांतील लहान जाती पाय खाली सोडून पाण्यावर चालल्यासारख्या दिसतात. आणि प्रभूच्या हाकेसरशी तारवातून उतरून पाण्यावर चालू लागलेल्या पेत्राची कथा मत्तयच्या शुभवर्तमानात आपण ऐकली आहेच. पोर्तुगीज कोळी वादळात दिसणाऱ्या एका इवल्या पक्ष्यास 'आल्मा द मेस्त्र', म्हणजे तांडेलाचा आत्मा, म्हणतात. दुसऱ्या एका काळसर पक्ष्याचे नाव 'आल्मा नेग्रा', काळा आत्मा. आणि मदेइराच्या उंच कड्यांवर वीण करणाऱ्या एका दुर्मिळ पक्ष्याचे नाव आहे 'फ्रेइरा', म्हणजे धर्मभगिनी. रात्री येणारे, दिवसा न दिसणारे, माणसाच्या विलापासारखा आवाज काढणारे हे जीव गरीब श्रद्धावंतांनी मृतांच्या जगाशी जोडले, यात काही अस्वाभाविक नव्हते.

श्रद्धेने नाव दिले तरी पोटाने सूट दिली नाही. वसाहत होताच बेटावर शेळ्या-मेंढ्या आल्या, मांजरे आली, जहाजांतून उंदीर आले. ज्या पक्ष्यांनी जमिनीवर चालणारा शत्रू कधी पाहिलाच नव्हता, त्यांची अंडी नि पिल्ले उंदीर-मांजरांच्या तोंडी पडली. गुरांच्या खुरांनी व तोंडांनी कड्यांवरील गवत-झुडपे गेली, माती सुटली, बिळे ढासळली. माणसेही मागे राहिली नाहीत. स्थानिक भाषेत 'कागार्रा' म्हणतात त्या मोठ्या शिअरवॉटर पक्ष्याची पिल्ले लठ्ठ आणि तेलाने भरलेली असतात. त्यांच्यासाठी शरद ऋतूत सेल्व्हाजेन्स बेटांवर होड्या जात. पिल्ले बिळांतून ओढून मारीत, मांस खारवीत, तेल काढीत, पिसे गाद्या-उश्यांसाठी विकीत. हा रीतसर मक्त्याचा धंदा होता आणि अनेक पिढ्या चालला. पक्ष्यांसाठी समुद्रात जाणारी पहिली होडी ही अशी मारेकऱ्याची होडी होती. मात्र आम्ही त्या कोळ्यांस दोष देण्याची घाई करणार नाही. खडकाळ बेटावर, हाताएवढ्या शेताच्या तुकड्यांवर जगणाऱ्या कुटुंबांना हिवाळ्यात खारवलेले मांस हाच आधार असे.

त्यानंतर आली ती संग्राहकांची होडी. १८२० च्या दशकात जेम्स बुल्वर हे इंग्लंडचे अँग्लिकन धर्मोपदेशक मदेइरास आले. त्यांनी मिळविलेल्या 'आल्मा नेग्रा' पक्ष्याला १८२८ साली शास्त्रज्ञांनी त्यांचेच नाव दिले. पुढे फुंशालमधील इंग्रजांचे धर्मोपदेशक रिचर्ड थॉमस लोव यांनी बेटाच्या वनस्पती व मासे यांचा आयुष्यभर अभ्यास केला. १८७४ साली मदेइराकडे परतत असता जहाजासह ते समुद्रात बुडाले. आणि त्याच शतकाच्या उत्तरार्धात आले फादर अर्न्स्ट श्मित्स. हे जर्मन धर्मगुरू संत विन्सेंट द पॉल यांच्या संघाचे. फुंशालच्या सेमिनरीत काम करताना त्यांनी तेथे निसर्गवस्तूंचे संग्रहालय उभारले. भावी धर्मगुरूंनी ईशज्ञानाबरोबर आपल्या बेटावरील दगड, मासे, पाखरे यांचीही ओळख करून घ्यावी, असा त्यांचा प्रयत्न दिसतो. बेटावरील घुबडाच्या उपजातीला शास्त्रज्ञांनी त्यांचे नाव दिले आहे. त्यांचा संग्रह फुंशालच्या वनस्पती-उद्यानात जतन झालेला आहे.

१९०३ साली फादर श्मित्स यांच्या हाती मदेइराच्या मध्यवर्ती पर्वतातून एक पेट्रेल आला. देझेर्तासपैकी बुजियु या बेटावर असाच एक पक्षी वीण करतो हे त्यांना ठाऊक होते. हाही तोच, असे त्यांनी मानले. दोन्ही पक्षी दिसण्यात इतके सारखे की पुढच्या शंभर वर्षांतही तज्ज्ञांत त्यांवरून वाद झाले. तेव्हा त्यांच्या समजुतीचे आश्चर्य वाटण्यास नको. फादर श्मित्स पुढे पवित्र भूमीत गेले. १९३४ साली ग्रेगरी मॅथ्यूज या शास्त्रज्ञाने जुन्या नमुन्यांवरून डोंगरातील पक्ष्याला वेगळे नाव दिले. परंतु तोवर जिवंत पक्षी कुणाच्या दृष्टीस पडेनासा झाला होता. संग्रहालयाच्या खणात पक्षी, आणि कड्यावर शांतता. जात नामशेष झाली, असेच जाणकार समजू लागले.

आता बेटाच्या मध्यभागी जाऊ. चहूबाजूंनी उभे कडे आणि तळाशी एक गाव, असे एक खोल खोरे तेथे आहे. त्याचे नाव कुराल दाश फ्रेइराश, म्हणजे धर्मभगिनींचा गोठा. फुंशालमधील संत क्लारेच्या मठाची ही जमीन होती. १५६६ च्या ऑक्टोबरात फ्रेंच चाच्यांनी फुंशालवर हल्ला करून नगर लुटले, चर्चे भ्रष्ट केली, माणसे मारली. तेव्हा मठातील धर्मभगिनी डोंगर चढून या खोऱ्यात आश्रयास आल्या, असे बेटावर पिढ्यान् पिढ्या सांगितले जाते. त्या खोऱ्याच्या वर, सोळाशे मीटरहून उंच असलेल्या कपाऱ्यांमध्ये, उन्हाळ्याच्या काळोख्या रात्री आजही दीर्घ, कण्हल्यासारखे स्वर उमटतात. मेंढपाळ ते ऐकत आले. कड्यावरून पडून मेलेल्या मेंढपाळांचे ते आत्मे असून शांतीसाठी विलाप करीत आहेत, असे ते मानीत. आणि त्या स्वरांच्या धन्याचे नाव पडले 'फ्रेइरा'.

शहरातील सुशिक्षितांनी या गोष्टी अर्थातच खेडवळ समजुती म्हणून बाजूस सारल्या. त्यांकडे कान दिला तो पॉल अलेक्झांडर झिनो यांनी. इंग्रज कुळातील हे गृहस्थ मदेइराचे रहिवासी आणि व्यवसायाने व्यापारी. पक्ष्यांची ओढ मात्र जबर. १९६० च्या दशकात सेल्व्हाजेन्सवरील संहार पाहून त्यांनी तेथील शिकारीचा मक्ता स्वतःच विकत घेतला, तो शिकार थांबविण्यासाठी. १९७१ साली पोर्तुगीज सरकारने ती बेटे घेऊन राखीव केली. १९७० च्या दशकाच्या मध्यास, राज्यक्रांतीच्या गोंधळात, होड्या पुन्हा तेथे गेल्या आणि पक्ष्यांची मोठी कत्तल झाली. त्यानंतर मात्र कायमचे रखवालदार बसविण्यात आले. कागार्रांची वस्ती हळूहळू सावरली आणि आज ती जगातील सर्वांत मोठ्या वस्त्यांपैकी गणली जाते.

याच झिनो यांनी बुजियु बेटावरील पेट्रेलच्या रात्रीच्या आवाजाची ध्वनिफीत केली होती. ती त्यांनी कुराल दाश फ्रेइराशच्या एका मेंढपाळास ऐकविली. त्याने क्षणात ओळखले: हे तर आमच्या मृत मेंढपाळांचे आत्मे. हा आवाज कुठे येतो, हे त्याला ठाऊक होते. त्या वाटेने शोध घेतला तेव्हा १९६९ साली कड्याच्या कपारीत फ्रेइराची घरटी सापडली. जी जात पुस्तकांतून वजा झाली होती, ती एका अडाणी म्हणविलेल्या माणसाच्या स्मरणात जिवंत होती. शास्त्राने नंतर या पक्ष्यास झिनो यांचे नाव दिले. तो योग्यच सन्मान होय. पण आम्हांस वाटते, त्या मेंढपाळाचाही त्या नावात न लिहिलेला वाटा आहे.

सापडणे म्हणजे वाचणे नव्हे. घरटी बोटांवर मोजण्याइतकी, आणि उंदीर अंडी-पिल्ले फस्त करीत. १९८६ साली फ्रेइरा-संरक्षणाची मोहीम सुरू झाली. डॉक्टर असलेले झिनो यांचे पुत्र फ्रँक यांनी तीत मोठा भाग घेतला. घरट्यांभोवती उंदरांसाठी विषाची आमिषे ठेवली, मांजरांसाठी पिंजरे लावले. तरीही १९९० च्या दशकाच्या आरंभी रानमांजरांनी एकाच हंगामात दहा प्रौढ पक्षी मारले. एवढ्याशा वस्तीवर तो केवढा आघात! पुढे वीण होणाऱ्या भागाची जमीन संरक्षणासाठी घेण्यात आली आणि तेथून शेळ्या-मेंढ्या हलविल्या. कपाऱ्यांवर पुन्हा गवत-झुडपे आली. संख्या वाढून साठ-सत्तर जोड्यांच्या घरात पोहोचली, तोच २०१० च्या ऑगस्टमध्ये वणवा त्या कड्यांवर चढला. त्या वर्षीची बहुतेक पिल्ले व काही प्रौढ पक्षी बिळांतच जळाले. समुद्रावर असलेले पक्षी तेवढे वाचले. रखवालदारांनी उघड्या पडलेल्या मातीत कृत्रिम बिळे बसविली. पुढल्या वसंतात फ्रेइरा परत आल्या. या जातीच्या सर्व जगात मिळून ६५ ते ८० जोड्या असाव्यात असा अंदाज आहे, आणि त्या सगळ्या याच बेटावर. आपल्या एखाद्या लहान आळीतील घरांपेक्षा ही संख्या मोठी नाही.

आता त्या होड्यांविषयी, ज्यांपासून आम्ही आरंभ केला. विणीच्या रात्रीत कड्यांवर जाऊन पक्षी पाहणे कठीण, शिवाय पक्ष्यांनाही त्रासाचे. म्हणून गेल्या काही दशकांत मदेइराच्या पूर्वेकडील माशिकू बंदरातून समुद्रपक्षी दाखविणाऱ्या सफरी निघू लागल्या. होडी लहान, हवा भरलेल्या काठाची, वेगवान. दहा-बारा माणसे तीत दुपारनंतर निघतात. खोल पाण्यात गेल्यावर यंत्र बंद करून होडी वाऱ्यावर सोडतात. मग माशांच्या आतड्यांचा व तेलाचा गोठविलेला गोळा जाळीत घालून पाण्यात सोडला जातो. तो विरघळू लागतो, तेलाचा पातळ तवंग वाऱ्याच्या दिशेने पसरतो, आणि त्याचा वास वारा दूर नेतो.

बराच वेळ काहीच घडत नाही. लाटेवर होडी डुलते, कुणाला मळमळते, कुणी दुर्बीण पुसत बसतो. मग वाऱ्याकडे तोंड करून, पाण्यालगत, एक ठिपका वास हुंगत येतो. प्रथम कागार्रा, पंख ताठ धरून, लाटांच्या उतारावरून घसरत. मग आल्मा नेग्रा. मग पाण्यावर पाय टेकीत चालणारे ते पेत्राचे इवले अनुयायी. आणि दिवस कलताना, भाग्य असेल तर, करड्या पाठीचा, गडद पंखांचा, कबुतराएवढा एक पक्षी कमानीसारखी झेप घेत वेगाने निघून जातो. तो डोंगरातील फ्रेइरा, की बुजियु बेटावरचा तिचा भाऊबंद, हे ठरविण्यास क्षणभराचाच अवधी मिळतो. चोचीची जाडी, पंखाखालील पांढऱ्या पट्ट्याची रुंदी एवढ्याच खुणा. छायाचित्रे काढून, मोठी करून, एकमेकांशी ताडून या खुणा निश्चित करण्यात अशा सफरींतील पाहणाऱ्यांचा मोठा हातभार लागला. काळाचीही एक खूण आहे: डोंगरातील फ्रेइरा मे-जूनमध्ये अंडे घालते, बुजियुवरील पक्षी त्यानंतर सुमारे दोन महिन्यांनी. एकमेकांच्या नजरेच्या टप्प्यात दोन बेटे, आणि दोन पंचांगे!

पाच शतकांत तीन प्रकारच्या होड्या या पक्ष्यांकडे गेल्या. पहिली पोट भरण्यासाठी, दुसरी संग्रहासाठी, तिसरी केवळ पाहण्यासाठी. तिसरी होडी काहीच घेऊन परतत नाही. परंतु पहिल्या होडीतील कोळ्याला वारा, लाट आणि पाखरू यांचे जे ज्ञान होते, ते दुसऱ्या-तिसऱ्या होडीतील विद्वानांस पुष्कळदा नव्हते. आणि ज्या दिवशी विद्वानाने त्या ज्ञानाकडे आदराने पाहिले, त्या दिवशी फ्रेइरा वाचली. या इतिहासातून आम्हांस घेण्यासारखी गोष्ट दिसते ती ही.

आपल्या किनाऱ्यालाही ती लागू आहे. त्या अटलांटिक होडीमागे पाण्यावर चालणाऱ्या वादळपाखरांत दक्षिण ध्रुवाकडून येणारी एक जात असते. तीच जात आपल्या अरबी समुद्रातही येते. पावसाळ्यात तुफानी वारा सुटला की खोल समुद्रातील पक्षी थकून कोकणच्या वाळूवर पडलेले सापडतात. उत्तन, पाचूबंदर, अर्नाळा येथील आपले कोळी बांधव पाखरांच्या थव्यावरून मासळीचा ठाव घेत आले आहेत. त्यांना या पक्ष्यांची कोणती नावे ठाऊक आहेत, कोणत्या कथा त्यांनी आजोबांकडून ऐकल्या, हे आपण कधी लिहून ठेवले आहे काय? आपल्या गावातील वृद्ध जे सांगतात त्यातील किती आपण 'अंधश्रद्धा' असा शिक्का मारून सोडून दिले? श्रद्धेची कथा आणि निसर्गाचे ज्ञान एकाच दोरीत वळलेले असतात; एक फेकताना दुसरेही हातचे जाते.

मग मेंढपाळ चुकला होता काय? पक्षी हा पक्षी आहे, शुद्धिस्थानातील आत्मा नव्हे, हे आपणांस कळते. परंतु तो आवाज ऐकून त्याने मृतांसाठी प्रार्थना केली असेल, तर ती प्रार्थना वाया गेली असे आम्ही म्हणणार नाही. आणि त्या आवाजास त्याने दगड मारला नाही, शेवटपर्यंत तो लक्षात ठेवला, हे तर सिद्धच आहे. परमगुरुस्वामी फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' या विश्वपत्रात असा विचार मांडला, की आपल्यामुळे नष्ट झालेली प्रत्येक जात यापुढे आपल्या अस्तित्वाने परमेश्वराचा गौरव करू शकणार नाही, आणि आपणांसाठी तिच्यापाशी असलेला संदेशही हरपेल. मदेइराच्या कड्यांवरील स्वर थोडक्यात वाचला. ६५ ते ८० जोड्यांचे ते क्षीण समूहगान वसंतापासून शरद ऋतूपर्यंत, रात्रीच्या काळोखात, धर्मभगिनींच्या खोऱ्यावर आजही चालू आहे. आपल्या ख्रिस्तसभेची मुळे ज्या बेटाशी एकेकाळी बांधलेली होती, तेथील ही वार्ता आपल्या घरांत पोहोचावी, मुलांनी ती ऐकावी, आणि येत्या पावसाळ्यात वाळूवर एखादे थकलेले पाखरू दिसले तर त्याला हुसकावण्याआधी आजोबांना त्याचे नाव विचारावे, एवढीच आमची इच्छा.